काविळीची माळ

रक्तदान हेच श्रेष्ठदान. काळाचौकीतल्या आमच्या मंडळाच्या माइकवरून मी हे वाक्य इतकी वर्षं आणि इतक्या गंभीर आवाजात म्हटलं आहे, की चाळीतल्या काही पोरांना ते माझंच वाटतं. शिबिराच्या दिवशी सकाळी म्हणायचो, दुपारी गर्दी ओसरली की पुन्हा म्हणायचो, आणि संध्याकाळी नगरसेवक आले की त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणायचो.

त्यातली शेवटची काही वर्षं मी स्वतः रक्त देत नव्हतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. माइक हातात असलेल्या माणसाला कोण विचारणार — तू आडवा झालास का?

का देत नव्हतो, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या चाळीत राहत नाही. यात तुमचा सन्मान वगैरे काही नाही.

मी केस गळू नयेत म्हणून गोळी घेत होतो.

हसलात? हसा. पण हा कबुलीजबाब नव्हे. गोळी घेणं हा गुन्हा नाही, हजारो पुरुष घेतात. जे सांगायचं आहे ते याच्या पुढे आहे, आणि तिथवर जायला मी वेळ काढतोय हे मलाही दिसतंय.

आधी नंदू. नंदू माझा लहानपणापासूनचा मित्र, दोन खोल्या सोडून राहणारा. पंचविशीतच त्याच्या डोक्याचा मधला भाग मोकळा झाला, आणि मी त्याचं नाव ठेवलं — गच्ची. आमच्या चाळीत नाव ठेवायचं काम माझ्याकडे होतं. चार पुस्तकं वाचली होती, जीभ बरी चालायची, आणि लोक हसले की मला वाटायचं हीच माझी पदवी. नाव असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा विचारायचा, “गच्ची आहे का घरात?” नंदूही हसायचा. जो हसतो त्याला लागत नाही, असं आपण धरून चालतो. सोयीचं असतं ते.

त्याच्या लग्नात तर मी कहर केला. दादरच्या हॉलमध्ये, भरल्या मांडवात त्याला मुंडावळ्या बांधत होते, आणि मी मोठ्याने म्हणालो, “अरे, नीट बघून बांधा — गच्चीवर की कठड्याला?” हॉल हसला. भटजी हसले. नंदू हसला. बोहल्यावर येऊन उभी राहिलेली शुभांगी, त्याची बायको व्हायला आलेली मुलगी, तिने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती लाजली असं मी सगळ्यांना सांगितलं.

आणि मग दोनेक वर्षांनी, एका सकाळी, आरशामागे दुसरा आरसा धरून मी माझं स्वतःचं डोकं पाहिलं.

कळतंय ना तुम्हाला? ज्या माणसाने चाळीतल्या प्रत्येक टकलाचं बारसं केलं, त्याच्याच डोक्यावर कठडा दिसायला लागला होता. मला केसांची हौस नव्हती. मला भीती होती. माझंच हत्यार माझ्यावर वळेल याची, आणि ते पहिल्यांदा नंदूच्या हातात असेल याची. त्याचा तो हक्कही होता.

दादरला एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. बाहेरच्या भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो. आधीच्यात सगळे पुरुष दुर्मुखलेले, नंतरच्यात सगळ्यांनी नवा शर्ट घातलेला. ‘आत्मविश्वास परत मिळवा’ असं खाली लिहिलेलं. आत्मविश्वास टाळूवर उगवतो, हे मला तिथे कळलं. आतला डॉक्टर मात्र सरळ माणूस होता. त्याने फुगवून काही सांगितलं नाही. म्हणाला, आहेत ते केस बऱ्याच जणांचे टिकतात, थोडे नवे येतात, पण घ्याल तोवरच. बंद केलीत की जे थांबवलं होतं ते काही महिन्यांत जाणार. काही थोड्या जणांची इच्छा मंदावते, काहींचं मन खचतं. बहुतेकांचं बंद केल्यावर ठीक होतं, क्वचित एखाद्याचं रेंगाळतं. असं काही वाटलं तर थांबायचं आणि मला सांगायचं. आणि उठता उठता, चष्मा पुसत, तो म्हणाला, “गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नाही हं. गरोदर बाईला ते रक्त चढलं आणि पोटात मुलगा असला, तर त्याला अपाय होऊ शकतो.”

मी घरी येऊन आठवडाभर वाचत बसलो. वाचायची सवय आहे, आणि तिचा मला गर्व आहे. फायदे काय, तोटे काय, किती जणांना काय होतं, कोण अतिशयोक्ती करतो, कोण दडवतो — सगळं तोललं. फार प्रामाणिकपणे तोललं, बरं का. इच्छा मंदावली तर? लग्न झालेलं नाही, चालेल. मन खचलं तर? ते तसंही फार उंच नसतं. अशा विनोदांसकट तोललं. रक्ताचा मुद्दा मी तराजूत घातलाच नाही, कारण तो माझ्या तब्येतीचा नव्हता. आज कळतं, माझ्या तराजूच्या दोन्ही पारड्यांत मीच बसलो होतो.

गोळ्या मी ॲसिडिटीच्या औषधाच्या डबीत ठेवायचो. आईवडील गावी, खोलीत मी एकटा — लपवायचं कुणापासून होतं? तरी लपवायचो. केस टिकले. लोक म्हणायचे, सुहासचे केस बघा, चाळिशी आली तरी! मी म्हणायचो, आमच्या आजोळचे सगळे असेच. आजोबांचं डोकं नारळासारखं होतं. सोललेल्या.

आता ते दुसरं.

शुभांगीला दिवस गेले. पाच वर्षं वाट पाहून. आणि तिचा रक्तगट निघाला ओ निगेटिव्ह. तो गट चाळीत आणखी एकाचाच होता, आणि त्या एकाने आपला गट मंडळाच्या फलकावर लावून घेतला होता. खाली ‘रक्तवीर’ असं लिहून. ते विशेषण मीच सुचवलं होतं. सातव्या महिन्यात परळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाची वार खाली आहे, रक्तस्राव होऊ शकतो, या गटाचा माणूस हाताशी ठेवा. त्या संध्याकाळी नंदू गॅलरीत आला. कठड्याला टेकला. फार बोलणारा माणूस नाही तो.

“सुहास, तू आहेस ना रे?”

“मी आहे ना,” मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला. पुढे म्हणालो, “माझं रक्त म्हणजे तुझ्या घरचंच समज.”

त्याचे डोळे भरून आले. मग तो घरोघर सांगत सुटला की काळजी नाही, सुहास आहे. त्याच्या आईने, आम्ही सगळे जिला माई म्हणतो तिने, माझ्यासाठी सुरमई तळून पाठवली. दुसरा दाता कुणी शोधला नाही. कशाला शोधतील? सुहास होता ना!

आता हिशेब नीट ऐका, कारण यातच सगळं आहे. तारखेला अजून दोन महिने होते. गोळी बंद करून एक महिना गेला की मी रक्त द्यायला मोकळा होतो. एक महिना. त्यात काय गेलं असतं? थोडे केस. कदाचित तेवढेही नाहीत. किंवा — याहूनही सोपं — मी एवढंच म्हणायचं होतं, “नंदू, माझं एक औषध चालू आहे, आणखी एक माणूस बघून ठेव.” कुठलं औषध, हे त्याने विचारलंही नसतं. तो विचारणाऱ्यांतला नाही. पण मला वाटलं, विचारेल. आणि मग गच्चीच्या तोंडावर सांगावं लागेल की मी गच्ची होऊ नये म्हणून गोळ्या खातो.

मी गोळी बंद केली होती, चार-पाच दिवस. मग एका सकाळी मोरीच्या जाळीवर केस दिसले. ते रोजच असायचे, त्या दिवशी मी मोजदादीला बसलो. संध्याकाळी गोळी घेतली. म्हटलं, अजून वेळ आहे, पुढच्या आठवड्यात बंद करू. पुढच्या आठवड्यात एक स्थळ येणार होतं, म्हटलं, तेवढं होऊ दे. स्थळाने नकार दिला. मी गोळी चालूच ठेवली. कशासाठी? मला आजही सांगता येत नाही. मी वाचलेल्या इतक्या पुस्तकांत याला शब्द होता, तो फार छोटा आहे — नीच.

तारखेच्या तीन आठवडे आधी, दुपारी, मी ऑफिसात जेवून हात धूत होतो तेव्हा नंदूचा फोन आला. रक्तस्राव सुरू झालाय, आत घेतलंय, रक्तपेढीत या गटाच्या दोनच पिशव्या आहेत, लगेच ये.

आदल्या रात्रीच मी गोळी घेतली होती.

गोळी लपवून रक्त दिलं नाही, याचं श्रेय घेऊ का? घेववत नाही. बाळ अजून पोटात होतं, मुलगा असू शकला असता, डॉक्टरचं वाक्य मला पाठ होतं. म्हणजे मला सगळं कळत होतं. अज्ञानाचा फायदाही मला देऊ नका. त्या क्षणीसुद्धा मला खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो —

“नंदू, मला कावीळ झालीये रे.”

कावीळच का? कारण कावीळ झालेल्याचं रक्त वर्षभर घेत नाहीत, हे माइकवरून मीच सांगायचो. खोटंसुद्धा मी माहितीपूर्ण बोललो.

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या त्याने. तो म्हणाला,

“अरे... मग तू बरा आहेस ना?”

हे वाक्य मी रोज ऐकतो. अतिशयोक्ती नव्हे, रोज.

मग मंडळाची पोरं धावली. नायगाव, कॉटन ग्रीन, पार ठाण्यापर्यंत फोन. संध्याकाळी माणूस मिळाला. शुभांगी वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. पण रक्त थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं. आपल्या भाषेत रक्ताचीही पिशवी आणि तीही पिशवीच. एक वेळेवर आली नाही म्हणून दुसरी गेली, असं मी स्वतःशी म्हणतो तेव्हा ते फार सुबक वाटतं, आणि सुबक वाटलं की मला माझाच संताप येतो. डॉक्टरीणबाई नंदूला म्हणाल्या होत्या की वार चिकटलेली होती, वेळेवर रक्त असतं तरी बहुधा काढावंच लागलं असतं. बहुधा. त्या शब्दाच्या आडोशाला मी चार वर्षं राहतोय. भाडं न देता.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. इथे तर माझी कावीळ सुरू झाली.

रजा टाकून घरी बसावंच लागलं. डोळे पिवळे कसे नाहीत? म्हटलं, उतरणीला लागलीये. अख्खी चाळ माझ्या सेवेला लागली. कुणी उसाचा रस, कुणी मुळ्याची पानं, कुणी बिनतेलाची भाजी आणि मऊ भात. मासे बंद. समोरच्या खोलीत बांगडा भाजायचे तेव्हा मला वास येऊ नये म्हणून दार लावून घ्यायचे! आणि चार-पाच दिवसांनी माई आली. सून अजून रुग्णालयात, नात काचेच्या पेटीत — आणि ही बाई कणकवलीकडच्या वैद्याकडून, कुणा येणाऱ्याच्या हाती, माझ्यासाठी काविळीची माळ मागवून आली होती.

ही माळ तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून कडं केलेलं असतं. ते डोक्यावर ठेवायचं. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत जाते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, अशी समजूत. खरं काय, तर काड्या सुकतात, आक्रसतात, गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो. खुंटीला अडकवली तरी लांबेल. हे मी एका गणपतीत माइकवरून समजावून सांगितलं होतं. तेव्हा माई पुढच्या रांगेत बसली होती.

“येवढा दुखणा आंगार काढलंस, नि माका सांगूक नाय?” ती म्हणाली. “तुका खरा वाटणा नाय, म्हायत हा माका. तरी घाल. माझ्यासाठी घाल.”

तिने ती स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवली. नीट बसावी म्हणून केसांतून हात फिरवला. आणि म्हणाली,

“केस काय दाट हत रे झिला तुझे.”

सांगायचं होतं ना तेव्हा! तिचा हात माझ्या डोक्यावर असताना. याहून चांगली वेळ कुणाला मिळते? मी मान खाली घातली. ती म्हणाली, लाजतंस कित्याक.

त्याच संध्याकाळी नंदू रुग्णालयातून कपडे न्यायला आला. दारातच थांबला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आणि समोर मी — डोक्यावर ती माळ घालून बसलेला. त्याच्या मनात काय आलं हे मला लख्ख कळलं. मुंडावळ्या. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता, शपथेवर सांगतो. अर्ध्या आयुष्याची उधारी एका शब्दात फिटली असती. तो म्हणाला, “पाणी उकळून पी हां,” आणि गेला.

माझी नसलेली कावीळ आठवड्याभरात उतरली. माळ बेंबीपर्यंत आली. माईने ती सगळ्या मजल्यावर दाखवली. “माइकावरसून सांगी व्हतो, ह्या सगळा थोतांड आसा म्हणान. बघा आता!” तेव्हापासून आमच्या भागात कुणाला कावीळ झाली की आधी माळ मागवतात, मग रक्त तपासतात, आणि पुरावा म्हणून माझं नाव सांगतात. तेही माझ्याच खात्यावर मांडा.

एवढं झाल्यावर मी गोळी बंद केली असेल, असं वाटतंय ना? कथेत केली असती. मी आणखी दीड वर्ष घेतली. शुभांगी हळदीकुंकवाला जायची, बायका विचारायच्या, आता दुसरं कधी? ती म्हणायची, एकच बस हो. मी भिंतीपलीकडे ऐकायचो, आणि वेळ झाली की डबी उघडायचो. पुढे गोळीचा उपयोगच होईना, तेव्हा सोडली. पश्चात्तापाने नव्हे. गुण येईना म्हणून.

त्यानंतर राहिलेलेही भराभर गेले. आता नंदूच्या आणि माझ्या डोक्यात फरक नाही. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते माझ्याकडे नाही, आणि जे नंदूच्या घरातून गेलं ते तर नाहीच नाही.

टोपणनाव मला कुणी ठेवलं नाही. वाट पाहत होतो. गेल्या गणपतीत सजावटीला आलेल्या पोरांपैकी एकाने मला बघून “एअरपोर्ट” म्हटलं, बाकीचे फिदीफिदी हसले. नंदू शिडीवर होता. तिथूनच ओरडला, “ए, गप रे! काविळीत गेलेत त्याचे केस. आजारी माणसाला हसता? लाज वाटते का?” पोरं गप्प झाली. एकाने येऊन माझ्या पाया पडून माफी मागितली. नंदूची मुलगी खालून शिडी धरून उभी होती, तिने मला लाडू दिला. शुभांगीने मांडवातून माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी मी मान खाली घातली.

माईही येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगते. सगळ्या चाळीला हेच ठाऊक आहे.

काविळीने असे केस जात नाहीत.